स्वतंत्र सायट्रान्स: ट्रॅक घडवण्यापासून डीजेच्या सेटपर्यंत

सायकेडेलिक ट्रान्सचा, म्हणजे सायट्रान्स या वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा, ट्रॅक स्वतःच्या बळावर तयार करून लोकांपुढे आणू पाहणाऱ्याने एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी: या संगीताचा पहिला श्रोता डीजे असतो. नाचणाऱ्यांपर्यंत ट्रॅक पोहोचतो तो डीजेच्या हातून, आधीच्या ट्रॅकला जोडून आणि पुढच्या ट्रॅकमध्ये विरघळून. त्यामुळे किक (ड्रमचा जड ठोका) कुठे संपावी येथपासून ईमेलमध्ये काय लिहावे येथपर्यंतचे बहुतेक निर्णय ‘हा ट्रॅक दुसऱ्याच्या सेटमध्ये वाजेल का’ या एका प्रश्नाच्या आधारे घेता येतात.

हे नाते या संगीताच्या जन्मापासूनचे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गोव्याच्या किनाऱ्यावर ही शैली आकाराला आली, तेव्हा तिथले डीजे तबकड्यांऐवजी डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) कॅसेट वापरत असत, कारण उन्हात आणि धुळीत विनाइल टिकत नसे. डॅटवर दोन ट्रॅकचा वेग जुळवण्याची सोय नव्हती, म्हणून सांधा लपवायला ट्रॅकची सुरुवात आणि शेवट लांब आणि विरळ ठेवणे सोयीचे होते. आज वेग जुळवणे ही एका बटणाची गोष्ट झाली असली, तरी सात-आठ मिनिटांचा ट्रॅक आणि त्याची सावकाश उलगडणारी सुरुवात ही घडण टिकून आहे, आणि ती टिकण्यासारखीच आहे.

साधने आणि वेग

साधनांविषयी फार काळ खल करण्यात अर्थ नाही. एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, क्युबेस, बिटविग किंवा रीपर या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरपैकी जे हाताशी आहे आणि ज्याची सवय आहे, त्यात हे संगीत उत्तम होते. सिंथ (आवाज घडवणारे साधन) विकत घेण्याआधी व्हायटलची मोफत आवृत्ती आणि पूर्णपणे मोफत असलेला सर्ज एक्सटी हे दोन महिनाभर नीट वापरून पाहावेत. या दोहोंमध्ये सायट्रान्सला लागणारे जवळजवळ सगळे आवाज घडवता येतात. पैसे खर्च करायचेच असतील, तर आधी चांगल्या हेडफोनवर करावेत.

वेग ठरवताना उपशैली ठरवावी लागते. प्रोग्रेसिव्ह ढोबळमानाने १३४ ते १४० बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) दरम्यान असते, फुल-ऑन १४० ते १४८ च्या आसपास आणि फॉरेस्ट किंवा डार्कसाय त्याहून वर. या सीमा कुणी आखून दिलेल्या नाहीत, परंतु डीजे आपला सेट वेगाच्या पट्ट्यात बांधतो, हे लक्षात ठेवावे. १४२ चा ट्रॅक १४५ च्या सेटमध्ये सहज बसतो, १२८ चा बसत नाही.

किक आणि बास: इथेच सर्वाधिक वेळ द्यावा

सायट्रान्सचा पाया म्हणजे एक किक आणि तिच्यामागे धावणारे तीन बास-स्वर. ठोक्याचे चार समान भाग केले, तर पहिल्या भागात किक आणि उरलेल्या तीन भागांत बास. १४५ बीपीएमला एक ठोका सुमारे ४१४ मिलिसेकंदांचा होतो आणि त्याचा चौथा भाग सुमारे १०३ मिलिसेकंदांचा. नवशिक्याच्या बहुतेक अडचणी या १०३ मिलिसेकंदांत दडलेल्या असतात.

किक म्हणजे मुळात एक साइन लहर असते. तिची कंप्रता सुरुवातीला काही हजार हर्ट्झवर असते, पहिल्या काही मिलिसेकंदांत ती वेगाने खाली कोसळते आणि पन्नास हर्ट्झच्या आसपास स्थिरावते. वरचा झपाटा म्हणजे कानाला जाणवणारी ‘टक्’, आणि खालचे शेपूट म्हणजे छातीला जाणवणारा धक्का. हे शेपूट १०० ते १२० मिलिसेकंदांत विझले पाहिजे, नाहीतर ते पहिल्या बास-स्वरावर चढते आणि सगळा खालचा भाग गढूळ होतो. टेक्नोसाठी बनवलेल्या तयार किक इथे चालत नाहीत, त्या याच कारणाने: त्या बहुधा फार लांब असतात. कंप्रतेचा आणि आवाजाचा असे दोन एन्व्हलप (वेळेनुसार होणाऱ्या बदलाचे आलेख) वापरून किक स्वतः घडवायला एक संध्याकाळ पुरते, आणि ती संध्याकाळ पुढे अनेक महिने उपयोगी पडते.

बाससाठी एकच ऑसिलेटर (लहर निर्माण करणारा भाग) आणि सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दातांसारखी, लहर पुरेशी असते. त्यावर २४ डेसिबल उताराचा लो-पास (वरच्या कंप्रता कापणारा) फिल्टर लावावा, फिल्टरच्या एन्व्हलपचा अटॅक (चढण्याचा वेळ) शून्य ठेवावा, डिके (उतरण्याचा वेळ) आखूड ठेवावा आणि स्वराची लांबी चौथ्या भागाच्या पाऊण हिश्श्याइतकी करावी, म्हणजे स्वरांमध्ये श्वास घेण्याइतकी जागा राहते. मूळ स्वर ई ते जी या टप्प्यात घेणे श्रेयस्कर आहे. एफ म्हणजे ४३.७ हर्ट्झ, एफ शार्प ४६.२ आणि जी ४९. याहून खाली गेल्यास बहुतेक साउंड सिस्टिम साथ सोडू लागतात, आणि फार वर गेल्यास बासचे वजन हरवते.

आता फेजविषयी, म्हणजे लहर तिच्या कोणत्या बिंदूपासून सुरू होते त्याविषयी, कारण माझे पहिले वर्ष याच अज्ञानात गेले. घरी नेटका वाटणारा माझा एक ट्रॅक मोठ्या सिस्टिमवर वाजला, तेव्हा बास काही ठोक्यांवर भरभक्कम येत होता आणि काही ठोक्यांवर जवळजवळ नाहीसा होत होता. मी आठवडाभर ईक्यू (कंप्रतांचा समतोल साधणारे साधन) आणि कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आवळणारे साधन) फिरवत बसलो. दोष तिथे नव्हताच. सिंथमधला ऑसिलेटर मुक्तपणे फिरत होता, म्हणजे प्रत्येक स्वर लहरीच्या वेगळ्याच बिंदूपासून सुरू होत होता. ४९ हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन सुमारे २० मिलिसेकंदांचे असते, म्हणून १०३ मिलिसेकंदांत तिला जेमतेम पाच आवर्तने मिळतात. एवढ्या तुटपुंज्या अवधीत स्वर वर चढत सुरू झाला की खाली उतरत, यावर त्याचा ठसा पूर्णपणे बदलतो. सिंथमधला फेज रीट्रिगर (प्रत्येक स्वर एकाच बिंदूपासून सुरू करणारी सोय) चालू केला आणि सगळे स्वर एकसारखे झाले.

रीट्रिगर चालू केल्यावरही एक काम उरते. किक आणि बास दोन्ही ऑडिओ म्हणून बाहेर काढावेत, एकाखाली एक ठेवावेत आणि पहिला बास-स्वर जिथे सुरू होतो ती जागा पडदाभर मोठी करून पाहावी. त्या क्षणी किकचे शेपूट खाली जात असेल आणि बासची लहर वर चढत असेल, तर दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. बासचा आरंभीचा फेज काही अंशांनी फिरवत, किंवा किकचे शेपूट थोडे आखडते घेत, दोन्ही लहरी एकाच दिशेने वाहतील असे करावे. फेज बदलल्यावर सुरुवातीला बारीक ‘टिक्’ ऐकू आल्यास एखाद्या मिलिसेकंदाचा अटॅक द्यावा. हे काम कानाने करण्यापेक्षा डोळ्याने लवकर होते. शेवटचा निर्णय मात्र कानाचाच असावा.

खोलीवर विसंबून राहू नये. पन्नास हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर असते, त्यामुळे लहान खोलीत खुर्ची हातभर मागे सरकवली तरी बास बदललेला भासतो. खालच्या भागाचा निर्णय हेडफोनवर, कंप्रतांचा आलेख दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अॅनलायझरकडे पाहत आणि ज्याचा आवाज मोठ्या सिस्टिमवर उत्तम लागतो असा एखादा प्रसिद्ध ट्रॅक समान पातळीवर शेजारी ठेवून घ्यावा.

लीड (मुख्य सुरावट), वळणारे आवाज आणि मानवी बोल

पाया पक्का झाला की खरा आनंद सुरू होतो. या संगीताला सायकेडेलिक म्हणतात ते त्यातल्या सतत रूप बदलणाऱ्या आवाजांमुळे. एकच स्वर असतो, पण त्याचा रंग प्रत्येक क्षणी वेगळा असतो. हे साधण्याचे दोन भरवशाचे मार्ग आहेत. पहिला म्हणजे रेझोनन्स (कापाच्या जागेवरचा ठळकपणा) चढवलेला फिल्टर आणि त्याचा फिरता कटऑफ (कापाची जागा), म्हणजे रोलंडच्या टीबी-३०३ या छोट्या यंत्राने रूढ केलेला ॲसिडचा आवाज. दुसरा म्हणजे एफएम संश्लेषण, ज्यात एक लहर दुसरीची कंप्रता हलवते आणि त्यातून धातूसारखे, बुडबुड्यांसारखे, कधी बोलल्यासारखे वाटणारे आवाज निघतात.

माऊसने ऑटोमेशनच्या (आपोआप बदल घडवणाऱ्या) रेषा आखत बसण्यापेक्षा मी एक वेगळी पद्धत सुचवेन. साधी सोळा पायऱ्यांची ओळ चालू ठेवावी, कंट्रोलरवरची चार बटणे कटऑफ, रेझोनन्स, एफएमचे प्रमाण आणि डिलेला (प्रतिध्वनीला) जोडावीत आणि दहा मिनिटे न थांबता हात फिरवत सगळे ध्वनिमुद्रित करावे. त्यातली नऊ मिनिटे टाकाऊ निघतील. उरलेल्या एका मिनिटात मात्र असे आठ-दहा तुकडे सापडतात, जे विचार करून कधीच सुचले नसते. ते कापून, नावे देऊन स्वतःच्या संग्रहात ठेवावेत. विकतच्या सॅम्पल पॅकमधला आवाज दहा जणांच्या ट्रॅकमध्ये ऐकू येतो, आणि डीजेच्या कानाला तो लगेच ओळखू येतो.

स्वरसप्तकांमध्ये फ्रिजियन आणि फ्रिजियन डॉमिनंट यांचा या शैलीत मुक्त वापर होतो. आपल्या कानाला हे परके नाहीत: पहिल्याचे स्वर भैरवी थाटाचे आहेत आणि दुसऱ्याचे बसंत मुखारीचे. अर्थात राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत. चलन आणि विश्रांतीच्या जागा सांभाळल्याशिवाय रागाचे नाव घेऊ नये. पण ज्याने थोडेफार गाणे ऐकले आहे, त्याला कोमल रिषभावरून षड्जावर येण्यातला ताण नेमका कुठे सोडावा हे आतून कळते, आणि ते ज्ञान लीड रचताना मनसोक्त वापरावे.

चित्रपटातले संवाद ट्रॅकमध्ये पेरण्याची प्रथा या संगीतात जुनी आहे. परंतु त्यांचे हक्क दुसऱ्याचे असतात आणि स्वयंचलित तपासणीत ट्रॅक काढून टाकला जाऊ शकतो. स्वतःच्या किंवा मित्राच्या आवाजात दोन वाक्ये मुद्रित करावीत, अथवा नासाच्या अवकाशमोहिमांची ध्वनिमुद्रणे वापरावीत, जी सर्वसाधारणपणे कॉपीराइटच्या बंधनात नसतात. संस्थेचा आपल्या ट्रॅकला पाठिंबा असल्याचा भास मात्र होऊ देऊ नये.

मांडणी

मांडणी बारमध्ये (चार ठोक्यांच्या गटांत) मोजावी. १४५ बीपीएमला ३२ बार म्हणजे ५३ सेकंद, म्हणून असे नऊ खंड जोडले की ट्रॅक आठ मिनिटांच्या जवळ येतो. पहिल्या ३२ बारमध्ये ठोका, बास आणि वातावरण एवढेच असावे. ठळक सुरावट नको, कारण त्या वेळी आधीच्या ट्रॅकची सुरावट अजून वाजत असते. शेवटचे ३२ बारही त्याच न्यायाने मोकळे ठेवावेत. मधल्या भागात दर आठ बारला काहीतरी छोटे बदलावे आणि दर ३२ बारला काहीतरी मोठे. ब्रेकडाउन (ठोका थांबतो तो भाग) किती लांब ठेवावा, याबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते ठोका थांबल्यावर नाचणारी पावले मिनिटभराच्या वर अधांतरी ठेवणे हा निर्मात्याचा हावरेपणा असतो.

मिक्स करताना १२० हर्ट्झच्या खालचे सगळे मोनो (दोन्ही स्पीकरमध्ये एकसारखे) ठेवावे, किक आणि बास सोडून प्रत्येक आवाजाचा तळ हाय-पासने कापावा आणि रिव्हर्ब (घुमारा) जपून वापरावा. वेगवान संगीतात लांब रिव्हर्ब स्वरांमधली जागा बुजवतो, तिथे तालाला बांधलेला डिले अधिक कामाला येतो.

मास्टरिंगसाठी, म्हणजे ट्रॅकच्या अंतिम सफाईसाठी, फाइल २४ बिटमध्ये आणि सर्वोच्च पातळीवर सुमारे सहा डेसिबल जागा सोडून काढावी. शक्य असेल तर हे काम दुसऱ्याच्या कानांकडे सोपवावे, कारण दोनशे वेळा ऐकलेला ट्रॅक आपल्याला ऐकूच येईनासा होतो. स्पॉटिफाय प्लेबॅकची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या जोराचे एकक) आसपास समान करते, हे वाचून अनेक जण मास्टर मुद्दाम हळू ठेवतात. सायट्रान्समध्ये ते चुकीचे आहे. या शैलीचे क्लब मास्टर उणे ८ किंवा त्याहूनही जोरकस असतात, आणि डीजेने दोन ट्रॅक जोडल्यावर तुमचा ट्रॅक खाली बसला, तर तो पुन्हा वाजणार नाही. मास्टर डीजेसाठी करावा, स्ट्रीमिंगची सेवा आवाज कमी करायचा तो करील. ट्रू पीक (लहरीचे खरे टोक) तेवढे उणे १ डेसिबलच्या खाली ठेवावे.

लेबलला लिहिताना

पहिला ट्रॅक पूर्ण झाला म्हणून लगेच कुणाला पाठवू नये. एकमेकांशी नाते सांगणारे तीन ट्रॅक तयार होईपर्यंत थांबावे, कारण लेबल, म्हणजे संगीत प्रकाशित करणारी संस्था, एका ट्रॅकपेक्षा त्यामागच्या माणसाचा अंदाज घेत असते. या अवधीत कलाकाराचे नाव ठरवून ते आधीच कुणी वापरत नाही ना, हे बँडकॅम्प, साउंडक्लाउड आणि बीटपोर्ट या संगीताच्या संकेतस्थळांवर शोधून पाहावे. समान नावाच्या दोघांचे ट्रॅक स्ट्रीमिंगवर एकाच पानावर जमा होतात आणि नंतर ते सोडवणे जिकिरीचे असते.

लेबल निवडताना त्याचे शेवटचे पाच-सहा रिलीज पूर्ण ऐकावेत. फॉरेस्ट काढणाऱ्या लेबलला प्रोग्रेसिव्ह पाठवणे हा दोघांच्याही वेळेचा अपव्यय आहे. ईमेल एका वेळी एकाच लेबलला आणि त्याच्याच नावाने जावी. मजकूर पाच-सहा ओळींचा पुरे: आपण कोण, कोणत्या शैलीचे तीन ट्रॅक आहेत, त्यांचा वेग काय, ते अन्यत्र प्रकाशित झालेले नाहीत, त्यांच्या कोणत्या रिलीजशी आपले संगीत जवळचे वाटते आणि का, आणि साउंडक्लाउडची खासगी लिंक, डाउनलोड चालू ठेवून. फाइल जोडू नये, जीवनचरित्र लिहू नये. माझ्या ज्या पत्राला पहिल्यांदा होकार आला, त्यात एकच वाक्य वेगळे होते: ‘तिसऱ्या ट्रॅकचा ब्रेक ४ मिनिटे १५ सेकंदांवर आहे, वेळ कमी असल्यास तेथून ऐकावे.’ ऐकणाऱ्याचा वेळ आपण मोलाचा मानतो, हे अशा वाक्यातून पोहोचते. महिनाभर उत्तर न आल्यास एकदा नम्र आठवण करावी आणि मग पुढच्या लेबलकडे वळावे.

नवोदितासाठी संकलनाचे दार सर्वांत लवकर उघडते. अनेक कलाकारांचा एकेक ट्रॅक घेऊन निघणारी संकलने सायट्रान्समध्ये आजही मानाने ऐकली जातात, आणि डीजे नवी नावे तिथेच शोधतात. करार आला की घाईने सही करू नये. हक्क किती वर्षांसाठी दिले जात आहेत, उत्पन्नाचा वाटा किती आणि हिशेब कधी मिळणार, ट्रॅक स्वतःच्या बँडकॅम्प पानावर ठेवण्याची मुभा आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. मुदतीचा उल्लेखच नसलेला करार मी स्वीकारणार नाही.

स्वतः प्रकाशित करताना

लेबलविना प्रकाशित करणे हा कमीपणाचा मार्ग नव्हे. २००८ साली सुरू झालेले बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेते आणि विक्री ५००० डॉलरपर्यंत पोहोचल्यावर १० टक्के, शिवाय पैसे चुकते करण्याचा खर्च वेगळा. वेव्ह किंवा फ्लॅकसारखी पूर्ण दर्जाची फाइल तिथे मिळत असल्यामुळे डीजे तिथे खरेदी करतात. २०२० च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या ‘बँडकॅम्प फ्रायडे’च्या दिवशी बँडकॅम्प आपला वाटा सोडते, तेव्हा रिलीज त्या दिवशी ठेवल्यास लाभ होतो. ‘मनाला वाटेल ती किंमत द्या’ हा पर्यायही या समाजाला मानवतो. एक्टोप्लाझमसारख्या संकेतस्थळाने सायट्रान्सचे असंख्य अल्बम कलाकारांच्या संमतीने मोफत उपलब्ध करून दिले, आणि ती उदारता या संगीताच्या प्रसाराचे मोठे कारण ठरली.

स्पॉटिफाय, बीटपोर्ट आदी ठिकाणी वितरकामार्फत जावे लागते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षरी क्रमांक लागतो, तो बहुतेक वितरक देतात. तो स्वतःकडे नोंदवून ठेवावा, कारण वितरक बदलताना तोच उपयोगी पडतो. रिलीजची तारीख किमान चार आठवडे पुढची ठेवावी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे ट्रॅक सुचवायचा असल्यास तो प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी सुचवावा लागतो. तिथल्या उत्पन्नावर मात्र भिस्त ठेवू नये: २०२४ पासून मागील बारा महिन्यांत १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. हा आकडा गाठण्यासाठी पैसे घेऊन स्ट्रीम वाढवून देणारे अनेक जण भेटतील. त्यांच्याकडे पाहूही नये. असे स्ट्रीम पकडले गेले की ट्रॅक हटवला जाऊ शकतो, आणि यंत्रांनी ऐकलेला ट्रॅक कुणी नाचून दाखवत नाही.

प्रकाशनापूर्वीचे मोकळे आठवडे डीजेंसाठी वापरावेत. आपल्या शैलीचे वीस-तीस डीजे निवडावेत, ज्यांचे सेट आपण खरोखर ऐकले आहेत, आणि त्यांना प्रकाशनाच्या दोन-तीन आठवडे आधी वेव्ह फाइल पाठवावी. फाइलच्या नावात कलाकार, ट्रॅक, बीपीएम आणि मूळ स्वर असावा. हीच माहिती मेटाडेटातही (फाइलसोबत साठवलेल्या नोंदींतही) भरावी, कारण पेन ड्राइव्हवर ‘फायनल ३ नवा’ नावाची फाइल अंधारात कुणी शोधत बसत नाही. प्रतिसादाची सक्ती करू नये. तीसपैकी दोघांनी वाजवला तरी प्रचार यशस्वी झाला असे मानावे.

पोर्तुगालमधला बूम, जो १९९७ पासून भरतो, किंवा हंगेरीतला ओझोरा, ज्याचे मूळ १९९९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या मेळ्यात आहे, असे महोत्सव प्रत्येकाच्या स्वप्नात असतात. तिथला रस्ता लहान पार्ट्यांमधून जातो. आयोजकाला सेटची वेळ कोणती हवी हे सांगण्याऐवजी कोणतीही वेळ सांभाळण्याची तयारी दाखवावी आणि आधी व नंतर वाजवणाऱ्यांचे संगीत ऐकून जावे.

कुणी तुमचा ट्रॅक सेटमध्ये वाजवल्याचे कळले, तर आभार मानून त्या सेटचे रेकॉर्डिंग मागावे आणि ते हेडफोनवर ऐकावे. डीजेने तुमची सुरुवात कितव्या बारला आत घेतली, बास केव्हा बदलला, ब्रेक पूर्ण वाजवला की मधूनच उडी मारली, शेवटचे ३२ बार वापरले की आधीच सोडून दिले, हे वेळेसह एका कागदावर उतरवावे. पुढच्या ट्रॅकची मांडणी सुरू करताना तो कागद समोर ठेवावा.